न्यूयॉर्कने तुरुंग का निवडला?

एप्रिल १९६८. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन आठवडाही उलटला नव्हता, तेवढ्यात न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने एका नव्या महामंडळाला मंजुरी दिली. नाव 'अर्बन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन' आणि काम गरिबांसाठी घरं बांधायचं. आमदार राजी नव्हते. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी त्यांच्या मानगुटीवर बसून ते मंजूर करून घेतलं. या महामंडळाला रोखे काढून पैसा उभारता येत होता आणि त्यासाठी मतदारांचा कौल घ्यावा लागत नव्हता. त्याने तीस हजारांहून जास्त घरं बांधली आणि १९७५मध्ये ते कर्जात बुडालं.

पुढे १९८१मध्ये राज्य सरकारने तुरुंग बांधण्यासाठी ५० कोटी डॉलरचे रोखे काढायचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला. लोकांनी तो फेटाळला. १९८३मध्ये गव्हर्नर झालेल्या मारिओ कुओमो यांना तुरुंग तर हवेच होते. त्यांना वाट सापडली ती याच महामंडळाची. मतदारांना न विचारता पैसा उभारायची सोय गरिबांच्या घरांसाठी केलेली होती, तिच्यातून आता तुरुंग उभे राहू लागले. कुओमो काही कडवे उजवे नव्हते. फाशीचं विधेयक आलं की ते दरवर्षी नाकाराधिकार वापरून परतवून लावत. तरीही त्यांच्या बारा वर्षांत राज्यातल्या तुरुंगांत जेवढ्या खाटा वाढल्या, तेवढ्या आधीच्या सगळ्या गव्हर्नरांनी मिळून वाढवल्या नव्हत्या. १९९१मध्ये अंदाजपत्रकात खड्डा पडला, तेव्हा त्यांनी अ‍ॅटिकाचा तुरुंग या महामंडळालाच २० कोटी डॉलरला विकला आणि सरकार आपल्याच तुरुंगात भाडेकरू झालं. अ‍ॅटिका म्हणजे तोच तुरुंग, जिथे १९७१च्या सप्टेंबरात कैद्यांनी उठाव केला होता आणि तो मोडताना रॉकफेलर यांच्या पोलिसांनी कैदी आणि ओलीस दोघांवरही गोळ्या चालवल्या होत्या. त्या पाच दिवसांत एकूण ४३ माणसं गेली.

हा व्यवहार आधी सांगायचं कारण असं की, अमेरिकेतल्या काळ्यांच्या घाऊक तुरुंगवासाचा विषय आपल्याकडे निघाला की दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, तिथले गोरे पोलीस वर्णद्वेष्टे आहेत. दोन (आणि ही न्यूयॉर्कशेजारच्या एडिसन, जर्सी सिटीतल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत जास्त), 'त्या लोकांत' गुन्हेगारीच फार. दोन्ही म्हणणी सोयीची आहेत, कारण दोन्हींत कुणाला काही ठरवावंच लागत नाही, सगळं आपोआप घडत जातं. न्यूयॉर्कचा इतिहास उघडून बसलं तर आपोआप घडलेलं फार थोडं सापडतं. गरिबी, हेरॉइन, बेकारी, मोडकळीला आलेल्या इमारती हे सगळं समोर होतं. त्यावरचे बरेवाईट उपायही माहीत होते. दर वेळी पैसा मात्र तुरुंगाकडे वळला, आणि त्यात कुणाची मुलं जाणार हे कुणालाच नवीन नव्हतं. पुढे याच शहराने तुरुंग बरेचसे रिकामे केले आणि गुन्हे तरीही घटत राहिले. म्हणजे ती निवड अटळ नव्हती, हे न्यूयॉर्कनेच दाखवून दिलं. तरीसुद्धा आज आत जे उरलेत ते त्याच रंगाचे आणि त्याच वस्त्यांतले आहेत. माझं भांडण या शेवटच्या गोष्टीशी आहे.

गोष्ट कुठून सुरू करायची यावर इतिहासकारांत एकमत नाही. मी १९६४ धरतो. तोवर दक्षिणेतल्या राज्यांतून निघालेल्या काळ्या कुटुंबांच्या दोन पिढ्या हार्लेम आणि ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंटमध्ये मुरल्या होत्या. १९३०च्या दशकातल्या सरकारी नकाशांनी अशा वस्त्या लाल रंगाने रंगवून ठेवल्या होत्या, म्हणजे तिथे घरासाठी कर्ज मिळणं मुश्किल. ज्यांच्या भरवशावर ही माणसं आली ते कारखाने शहर सोडून चालले होते. अशा वेळी १ जुलै १९६४ला राज्यात दोन नवे कायदे लागू झाले. एकाने पोलिसाला नुसत्या संशयावरून रस्त्यात कुणालाही थांबवून चाचपायची मुभा दिली, दुसऱ्याने दार न ठोठावता घरात घुसायची. हार्लेममध्ये या कायद्यांविरुद्ध आधीपासून ओरड होती. दोन आठवड्यांनी, १६ जुलैला, जेम्स पॉवेल नावाच्या १५ वर्षांच्या मुलाला कामावर नसलेल्या एका पोलीस लेफ्टनंटने गोळी घातली. हार्लेम आणि बेडफर्ड-स्टायव्हसंट पुढे सहा दिवस धुमसत राहिलं. कायदे आधी आले आणि दंगल नंतर झाली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. नंतरच्या भाषणांत तो नेहमी उलटा सांगितला गेला.

आता तुरुंगांवर टीका करणाऱ्यांना अवघड जाणारी गोष्ट. १९६०च्या दशकाच्या शेवटी हार्लेममध्ये हेरॉइनने कहर केला होता. मुलं जिन्याखाली मरून पडत होती, म्हाताऱ्या बायका संध्याकाळनंतर घराबाहेर पडत नव्हत्या. ओबेरिया डेम्प्सी नावाचे तिथले पाद्री कमरेला पिस्तूल लावून फिरायचे आणि गर्दुल्ल्यांविरुद्ध लोकांना संघटित करायचे. काळ्या वस्तीतूनच कडक कायद्यांची मागणी येत होती, हे खरं आहे आणि ते दडवण्यात अर्थ नाही. रॉकफेलर यांनी १९७३च्या जानेवारीत अंमली पदार्थ विकणाऱ्यांसाठी जन्मठेपेची घोषणा केली, तेव्हा हार्लेममधल्या काही पुढाऱ्यांनी त्यांना उघड पाठिंबा दिला.

पण मागणीचा पूर्ण कागद वाचायला हवा. त्यात व्यसनमुक्तीसाठी दवाखाने होते, धड चालणाऱ्या शाळा होत्या, मुलांना नोकऱ्या होत्या, आणि पोलीसही होते. चार गोष्टी मागितल्या, सरकारने त्यातली एकच भरभरून दिली. ८ मे १९७३ला सही झालेल्या कायद्याप्रमाणे एक औंस हेरॉइन किंवा कोकेन विकणाऱ्याला, किंवा दोन औंस जवळ बाळगणाऱ्याला, किमान १५ वर्षं ते जन्मठेप. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. खुनाला जी शिक्षा तीच याला. न्यायाधीशाला आरोपीचं वय, घरची परिस्थिती, पहिलाच गुन्हा आहे का, हे बघायची सोय ठेवली नव्हती. पुडीचं वजन केलं की शिक्षा ठरली. मोठे घाऊक व्यापारी वजन करण्याएवढे जवळ कधी सापडत नाहीत, सापडतात ते कोपऱ्यावर उभे राहणारे. या कायद्याखाली आत गेलेल्यांत दहापैकी नऊ जण काळे किंवा लॅटिनो होते. अंमली पदार्थांचं सेवन मात्र गोऱ्यांत काही कमी नव्हतं.

आणि बाकीच्या तीन गोष्टींचं काय झालं? १९७५मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर पोचलं. बँका आणि राज्य सरकारने शहराचा कारभार जवळजवळ ताब्यात घेतला. हजारो नोकर घरी बसले, आगीचे बंब असलेली ठाणी गरीब भागांत बंद पडली, आणि त्याच वर्षांत दक्षिण ब्राँक्स ओळीने जळत होतं. १९७६मध्ये सिटी युनिव्हर्सिटीने १२९ वर्षांची मोफत शिक्षणाची प्रथा मोडून फी लावली. ती फी लागली कधी? वर्गात काळी आणि पोर्तो रिकन मुलं मोठ्या संख्येने दिसायला लागल्यावर सहा-सात वर्षांत. त्याच राज्याच्या तुरुंगांत १९७३ला सुमारे साडेबारा हजार कैदी होते. १९९९च्या सुमारास ते बहात्तर हजारांवर गेले. पैसा नव्हता असं कुणी म्हणू नये. पैसा होता, तो उत्तरेकडे जात होता.

उत्तरेकडे हा शब्द मी सरळ भौगोलिक अर्थाने वापरतोय. नवे तुरुंग बांधले गेले ते शहरापासून पाच-सहा तासांवरच्या, कॅनडाच्या सीमेकडच्या गोऱ्या खेड्यांत आणि छोट्या गावांत. तिथल्या खाणी आणि गिरण्या बसल्या होत्या, तुरुंगाची नोकरी म्हणजे पेन्शनसकट पक्की नोकरी. त्या भागातले आमदार तुरुंगांसाठी भांडत, बंद करायचं नाव काढलं की आकाशपाताळ एक करत. त्याहून मोठी गंमत जनगणनेची. ब्रुकलिनचा मुलगा त्या गावात कैदी म्हणून मोजला जायचा, मत द्यायचा अधिकार त्याला नसायचा, पण त्याच्या डोक्यामुळे त्या गावाची लोकसंख्या आणि पर्यायाने विधिमंडळातलं वजन वाढायचं. घरची वस्ती तेवढीच हलकी व्हायची. न्यूयॉर्कने हा प्रकार कायद्याने थांबवला तो २०१०मध्ये.

कोणत्या वस्त्या, याचं उत्तर पहिल्यांदा दिलं ते कैद्यांनीच. ग्रीन हेवन तुरुंगात एडी एलिस नावाचे ब्लॅक पँथर चळवळीतले एक कैदी होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आतल्या आत अभ्यासगट चालवला आणि कोण कुठून आलंय याची मोजदाद केली. निघालं असं की, संपूर्ण राज्यातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यूयॉर्क शहरातल्या अवघ्या सात वस्त्यांमधले : हार्लेम, लोअर ईस्ट साइड, साउथ ब्राँक्स, ब्राउन्सव्हिल, बेडफर्ड-स्टायव्हसंट, ईस्ट न्यूयॉर्क आणि साउथ जमेका. विद्यापीठांनी हे काम नंतर जास्त नेटकं केलं. कोलंबिया विद्यापीठातल्या एका गटाने २००३ सालच्या आकड्यांवरून नकाशे काढले. ब्राउन्सव्हिलमधल्या सतरा ब्लॉकमधली १०९ माणसं त्या वर्षी तुरुंगात गेली, आणि त्यांना डांबून ठेवायचा खर्च १ कोटी ७० लाख डॉलर. सतरा ब्लॉक म्हणजे पायी फिरायला अर्धा-पाऊण तास. सरकार त्या गल्ल्यांवर पैसा खर्च करत नव्हतं असं नाही. माणशी दीड लाख डॉलर खर्च करत होतं, फक्त त्या माणसाला गल्लीतून उचलल्यानंतर.

कोलंबियाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ याच विद्यापीठात होते. विद्यापीठ टेकाडावर आणि उतरून पलीकडे गेलं की हार्लेम. काळ्यांचं हार्लेम घडत होतं ते नेमकं त्याच वर्षांत. १९४६मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. आणि १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी 'पँथर' हे नाव घेतलं, त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १३ मे १९७१ला, न्यूयॉर्कमधला मूळ पँथरांवरचा मोठा खटला संपला होता. २१ जणांवर आरोप ठेवले होते, दुकानं आणि पोलीस ठाणी उडवण्याच्या कटाचे. बहुतेकांचा जामीन ठरला होता माणशी एक लाख डॉलर. एवढे पैसे कुणाकडे असणार? दोन वर्षं त्यातले बरेच जण आतच राहिले. प्रत्यक्ष खटला १३ जणांवर आठ महिने चालला आणि ज्यूरीने काही तासांतच त्या सगळ्यांना सगळ्या आरोपांतून मोकळं केलं. आफेनी शकूर या आरोपींपैकी एक. पोटुशी असताना तिने स्वतःच स्वतःची बाजू मांडली होती. सुटल्यावर महिन्याभराने तिला मुलगा झाला, तो म्हणजे पुढे गायक म्हणून गाजलेला टुपाक. दोषी नसलेल्या माणसाला दोन वर्षं शिक्षा देता येते आणि त्यासाठी न्यायाधीशाने फक्त एक आकडा उच्चारायचा असतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

जामिनाच्या या आकड्याने भरलेलं, शहराच्या तुरुंगांचं बेट म्हणजे रायकर्स. लागार्डिया विमानतळाच्या धावपट्टीवरून ते ढेकळं मारण्याच्या अंतरावर आहे, विमान उतरताना खिडकीतून दिसतं, पण काय दिसतंय हे सहसा कुणी सांगत नाही. १६६४मध्ये ते अब्राहम रायकन नावाच्या डच माणसाचं झालं आणि त्याच्या घराण्यावरून नाव पडलं. त्याच घराण्यातला रिचर्ड रायकर एकोणिसाव्या शतकात शहराच्या फौजदारी न्यायालयात मुख्य न्यायाधिकारी होता. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी १८२७ला संपली, तरी पळून आलेले गुलाम म्हणून स्वतंत्र काळ्यांना पकडून दक्षिणेत पाठवायचा धंदा चालू होता, आणि या धंद्याला न्यायालयातून शिक्का देणाऱ्यांत गुलामगिरीविरोधक मंडळी रायकरचं नाव घेत. १८६४मध्ये, यादवी युद्धात, याच बेटावर काळ्या सैनिकांच्या पलटणीने कवायत केली. १८८४मध्ये शहराने १ लाख ८० हजार डॉलर देऊन बेट विकत घेतलं आणि त्यावर कचरा टाकायला सुरुवात केली. राख आणि कचरा पसरायला कैदीच लावले. शंभर एकरांहून लहान बेट भर घालून चारशे एकरांवर गेलं. तुरुंग उघडला १९३२मध्ये, पूल झाला १९६६मध्ये. आज कैद्याला भेटायला जायचं तर क्वीन्समधून क्यू-१०० क्रमांकाची बस धरायची, पूल ओलांडायचा, मग एकामागून एक झडत्या, लॉकरमध्ये फोन-पाकीट ठेवणं, आतली दुसरी बस, पुन्हा झडती. तासाभराच्या भेटीसाठी अख्खा दिवस जातो. रोजंदारीवर असलेल्या आईचा तेवढा पगारही जातो.

इथल्या बहुसंख्य लोकांना आपल्याकडे कच्चे कैदी म्हणतात. खटला अजून उभा राहायचाय. कलीफ ब्राउडर त्यातला. मे २०१०मध्ये ब्राँक्समध्ये त्याला पकडलं, वय १६, आरोप पाठीवरची सॅक चोरल्याचा. जामीन ३,००० डॉलर. घरी तेवढे नव्हते आणि पुढे तर जामिनाचा पर्यायच काढून घेतला गेला. तारखा पडत गेल्या. सरकारी वकील तयार नाहीत, आठवडाभर मुदत द्या, असं म्हणता म्हणता महिने गेले. 'गुन्हा कबूल कर, आज घरी जा' असंही त्याला सांगून पाहिलं. त्याने नाही म्हटलं. तीन वर्षांतली जवळजवळ दोन एकांत कोठडीत काढल्यावर २०१३मध्ये सरकारने खटलाच मागे घेतला. २०१५च्या जूनमध्ये त्याने घरी आत्महत्या केली. त्याची गोष्ट बाहेर आली म्हणून आपल्याला माहीत आहे. 'आज घरी जा' ऐकून सही करणारे हजारो आहेत, त्यांची गोष्ट कुठेच नाही. त्यांच्या नावावर एक गुन्हा आहे, आणि पुढच्या वेळी पोलिसाने पकडलं की तोच त्यांच्याविरुद्ध पुरावा.

चोरी झाली की फासेपारध्यांच्या पालावर आधी पोलीस कसे येतात हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. न्यूयॉर्कने मात्र हे काम संगणकावर आणि आकड्यांत केलं, त्यामुळे त्याचा हिशेब सापडतो. २०११ या एका वर्षात शहर पोलिसांनी रस्त्यात ६,८५,७२४ वेळा लोकांना थांबवलं. दहातले जवळजवळ नऊ जण काळे किंवा लॅटिनो, आणि दहातल्या जवळजवळ नऊ जणांना काहीही न सापडल्याने सोडून दिलं. न्यायालयात सिद्ध झालं की, चाचपून झडती घेतलेल्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लोकांकडे कसलंही शस्त्र नव्हतं. गांजाची युक्ती तर शिकवण्यासारखी आहे. १९७७पासून खिशात थोडा गांजा असणं हा फक्त दंडाचा मामला होता. तो चारचौघांत दिसेल असा धरला तर मात्र अटक. मग पोलीस मुलाला थांबवून म्हणायचे, 'खिसे रिकामे कर.' पोरगं घाबरून पुडी बाहेर काढायचं. झाला गांजा चारचौघांत. २०११मध्ये अशा अटका पन्नास हजारांवर गेल्या होत्या. त्याच काळात कॉलेजांच्या वसतिगृहांत काय ओढलं जात होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे कुणी खिसे रिकामे करवले नाहीत.

हे सगळं गोऱ्यांनी काळ्यांवर केलं, अशी सरळ मांडणी मात्र करता येत नाही. पोलिसांची संख्या हजारोंनी वाढवणारी योजना आणली शहराचे पहिले काळे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी. रायकर्सवरचे बहुसंख्य रक्षक काळे आणि लॅटिनो आहेत. एकेकाळी स्वतः पोलीस असलेले काळे आमदार एरिक अ‍ॅडम्स यांनी या झडत्यांवरच्या २०१३च्या खटल्यात पोलीस आयुक्तांविरुद्ध साक्ष दिली. काळ्या-लॅटिनो पोरांच्या मनात धाक बसावा म्हणून या झडत्या आहेत असं आयुक्त रे केली बोलले होते, असं त्यांनी शपथेवर सांगितलं (केली यांनी ते नाकारलं). पुढे हेच अ‍ॅडम्स महापौर झाले आणि रायकर्स बंद करण्याच्या कामात त्यांनी जमेल तेवढी दिरंगाई केली. खुर्चीत कोण बसलंय यापेक्षा खुर्चीपुढे कोणती हत्यारं ठेवलीत हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग एवढीच हत्यारं चालू स्थितीत ठेवली असतील तर काळा महापौरही तीच उचलणार.

आता उलटा प्रवास. १२ ऑगस्ट २०१३ला न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी झडत्यांची ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. मावळते महापौर ब्लूमबर्ग म्हणाले, आता रक्त सांडेल. झडत्या काही वर्षांत ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या. रक्त सांडलं नाही. १९९०मध्ये शहरात २,२४५ खून झाले होते, २०१७मध्ये २९२. शहराच्या तुरुंगांत १९९१ला साधारण बावीस हजार माणसं होती, २०१९पर्यंत ती सात हजारांच्या आसपास आली. रॉकफेलर यांचे कायदे २००४ आणि २००९मध्ये मोडीत निघाले, राज्याचे कैदी निम्म्याहून कमी झाले, दोन डझन तुरुंगांना कुलपं लागली. माणसं आत टाकली म्हणून गुन्हे घटले, असं म्हणणाऱ्यांनी या वीस-पंचवीस वर्षांचं उत्तर द्यायला हवं, कारण दोन्ही आलेख एकत्रच खाली येत होते. कैदी घटल्यामुळे गुन्हे घटले असा उलटा दावा मी करणार नाही. गुन्हे का घटले याची डझनभर कारणं अभ्यासक देतात आणि आपसात भांडतात. मला एवढंच पुरेसं आहे की, जे अटळ म्हणून सांगितलं गेलं ते काढून घेतल्यावर शहर कोसळलं नाही.

२०२०चं काय, असं लगेच विचारलं जाईल. जानेवारी २०२०पासून राज्याने बहुतेक किरकोळ आरोपांसाठी रोख जामीन बंद केला, आणि त्या वर्षी खून ३१९वरून ४६८वर गेले. टीव्हीवर बसून दोन्ही जोडणं सोपं होतं. पण त्या वर्षी अमेरिकेत सगळीकडेच खून तीस टक्क्यांच्या आसपास वाढले, जिथे जामिनाचा कायदा तसूभर बदलला नव्हता त्या राज्यांतही. नंतर न्यूयॉर्कमध्ये ते पुन्हा उतरले, नवा कायदा बऱ्याच अंशी जागेवर असताना. तोवर विधिमंडळाने भीतीपोटी तीनदा कायद्याला कात्री लावून घेतली होती.

आणि रायकर्स? ऑक्टोबर २०१९मध्ये नगर परिषदेने ते बंद करून शहराच्या चार बरोंमध्ये (म्हणजे विभागांमध्ये) चार लहान तुरुंग बांधायचा ठराव केला. मुदत आता ऑगस्ट २०२७ आहे आणि ती पाळली जाणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलंय. इमारतींचा खर्च दुपटीच्या घरात गेला. नव्या चारही तुरुंगांत मिळून जागा चार हजारांच्या थोड्या वर, आणि बेटावर माणसं पुन्हा सात हजारांकडे सरकलेली. २०२२मध्ये शहराच्या कोठड्यांत १९ जण मेले. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय न्यायाधीश लॉरा टेलर स्वेन यांनी शहराला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं. एका माणसाला वर्षभर तिथे ठेवायला शहराला किती पडतात, याचा हिशेब महालेखापालांनी २०२१मध्ये काढला होता : ५ लाख ५६ हजार ५३९ डॉलर. शहराच्या लोकसंख्येत काळे पाव भागही नाहीत, आतमध्ये ते निम्म्याहून जास्त. आतल्या दर दोघांतल्या एकाला मानसिक आजाराचं निदान झालेलं आहे.

या शेवटच्या वाक्याकडे कुणी थांबत नाही, म्हणून थोडं थांबतो. १९६०-७०च्या दशकांत राज्याने मनोरुग्णालयं रिकामी केली, रुग्णांना वस्तीतल्या दवाखान्यांत उपचार मिळतील असं सांगून. ते दवाखाने पुरेसे कधी उघडलेच नाहीत. आज ब्राउन्सव्हिलमध्ये कुणाला झटका आला की लोक ९११ला फोन करतात, पोलीस येतात, झटापट होते, पोलिसाला धक्का लागतो, आणि रुग्ण आरोपी होऊन क्यू-१००च्या पुलापलीकडे जातो. साडेपाच लाख डॉलरमध्ये त्याच वस्तीत नर्ससकट राहण्याची सोय किती जणांची होईल याचं गणित शाळकरी पोरगंही करेल. १९६८ला घरांसाठी महामंडळ काढलं होतं तेव्हाही हे गणित माहीतच होतं.

१ जानेवारी २०२६पासून न्यूयॉर्कला झोहरान ममदानी हे महापौर आहेत. मीरा नायर यांचा मुलगा म्हणून आपल्या वर्तमानपत्रांनी कौतुकाचे रकाने भरले, भाषणात नेहरूंचं वाक्य आलं त्यावर अग्रलेख झाले. २०२७ची मुदत त्यांच्याच कारकिर्दीत उलटणार आहे. चार नव्या इमारती कधी पुऱ्या होतात यावर त्यांना जोखलं जाईल, आणि ते मला चुकीचं वाटतं. इमारती झाल्या तरी त्यात सात हजार माणसं मावणार नाहीत, मग बेटावरचे एक-दोन तुरुंग 'तात्पुरते' चालू राहतील, आणि न्यूयॉर्कमध्ये तात्पुरतं काय असतं हे त्या बेटाने नव्वद वर्षं दाखवलंय. बघायचं ते एवढंच : ब्राँक्स आणि ब्रुकलिनच्या न्यायालयांत तारखा किती लवकर लागतात, मनोरुग्णांसाठी पलंग तुरुंगाबाहेर किती वाढतात, आणि त्या सात वस्त्यांच्या नावापुढे अंदाजपत्रकात तुरुंगखात्याशिवाय दुसऱ्या कोणत्या खात्याचा आकडा लिहिला जातो.